अहोजाहो

सोल्मीनं आजींच्या हनुवटीखाली पट्टी चिकटवली, अंगठ्यानं तिच्या कडा दाबून घेतल्या आणि टेबलावरच्या डबीचं बटण दाबलं. डबीवर हिरवा दिवा लागला.

"आता बोला, आजी. नुसते ओठ हलवा. मनात येईल ते बोला."

माल्सुनआजींनी समोर पाहिलं. समोर त्यांचे यजमान, पिल्दोकआजोबा, टोपी मांडीवर ठेवून आणि पाठ ताठ करून बसले होते. आजींचे ओठ हलले. ऑपरेशननंतर श्वासासाठी मानेत भोक ठेवलेलं होतं, त्यावरचा रुमाल किंचित थरथरला. पट्टीनं कातडीची इवलीशी ओढ टिपली, डबी क्षणभर घुटमळली, आणि खोलीत आवाज उमटला. आवाज आजींचाच होता. किमछनच्या बाजारात सूपभाताचं दुकान चालवणाऱ्या, चार दुकानांपलीकडच्या गिऱ्हाइकाला हाक मारणाऱ्या बाईचा भरदार, घोगरा आवाज.

"अहो, आपलं जेवण झालं का?"

आजोबा ताडकन उभे राहिले. टोपी जमिनीवर पडली.

"मी काय केलं?" ते म्हणाले. "अगं, माझं चुकलं तरी काय?"

आजींनी टेबलावर थाप मारली. पट्टी ओरबाडून काढली. गळ्यात अडकवलेली छोटी पाटी ओढली, तिच्यावर खराखरा लिहिलं आणि ती सोल्मीच्या नाकासमोर धरली.

'ही बाई कोण?'

खरं तर एवढ्या दिवसांच्या खटपटीनंतर हा क्षण पेढे वाटायचा. गळ्याचा कॅन्सर झाला, स्वरयंत्र काढून टाकावं लागलं, आवाज गेला; पण ओठ, जीभ, हनुवटी अजून बोलण्याच्या हालचाली करतातच की. त्या हालचाली कातडीवरून वाचायच्या आणि डबीकडून वदवून घ्यायच्या, हे सोल्मीचं संशोधन. देजनच्या या संस्थेत शेजारच्या इमारतीत कुणी रॉकेटची टाकी तपासतं, कुणी समुद्री शेवाळापासून बॅटरी करतं. सोल्मीच्या खोलीत मात्र हनुवट्या. आजींचा आवाज तिनं त्यांच्या मुलीच्या फोनमधल्या जुन्या चित्रफितींतून उचलला होता. शब्दही बरोबर आले होते. चुकलं होतं ते शेपूट.

आणि शेपूट चुकलं म्हणजे सगळंच चुकलं. वाक्याला शेवटी कुठलं शेपूट लावलं यावर इथं कोरियन भाषेत माणसाचं अख्खं नातं लटकलेलं असतं. माल्सुनआजींनी नवऱ्याला जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं. घरात, दुकानात, चारचौघांत त्यांचं आपलं 'ए म्हाताऱ्या'. तो तिशीत होता तेव्हाही म्हाताराच. अहोजाहो झालं होतं फक्त एकदा. आजोबा गावातली बस चालवायचे, एका सणाला ते पत्ते कुटत रात्रभर मित्राकडे राहिले आणि सकाळी दारात उभे राहिले, तेव्हा आजी अगदी मंजुळ स्वरात म्हणाल्या होत्या, "आलात आपण? दमला असाल." त्यानंतर आजोबांनी पत्त्यांना हात लावला नाही.

"चूक माझी आहे, आजी," सोल्मी म्हणाली. "या यंत्राला बोलायला शिकवलं ते कॉलेजच्या मुलांनी. अनोळखी खोलीत, अनोळखी माणसासमोर बसून त्यांनी वाक्यं वाचली. तिथं कोण अरेतुरे करणार? यंत्रानं अरेतुरे कधी ऐकलंच नाही."

आजींनी पाटी पुसली. 'राहू द्या. मला पाटी बरी.'

"नको असेल तर राहू दे हं," आजोबा हळूच म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ की दवाखान्यातली नर्ससुद्धा इतकं मऊ बोलत नाही. "तुला बरं वाटेल तसंच करू. तुला त्रास नको."

आजींनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

सोल्मीला हे लागलं. पेशंट काय, दुसरे मिळाले असते. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात आजींना पहिल्यांदा भेटली तेव्हा तिनंच मोठ्या तोंडानं शब्द दिला होता, की आजी, तुम्ही पुन्हा यांच्याशी बोलाल, मी आहे ना. आजींनी तेव्हा पाटीवर फक्त 'भांडेन' असं लिहिलं होतं. सोल्मी हसली होती. आता तिच्याच हातची डबी तो शब्द खोटा पाडत होती.

"एक संधी द्या, आजी. पुढच्या आठवड्यात परत या."

आजींनी खाली वाकून पिशवीतून घट्ट झाकणाचा डबा काढला आणि सोल्मीच्या हातात ठेवला. नवी किमची. हिवाळ्याची कोबी नुकतीच मुरायला घातली होती, त्यातली. म्हणजे येणार.

त्या दुपारी सोल्मीनं डबा उघडला. पहिला घास तोंडात गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं नव्हे, मिठानं! कोबीत मासळीचं खारं इतकं सढळ पडलं होतं की पाण्याचे पेल्यावर पेले रिचवावे लागले. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं एक तुकडा खाल्ला आणि न बोलता उठून नळाशी गेला. सोल्मीनं झाकण लावलं, फोन घेतला आणि आजींना लिहिलं, 'आजी, किमची अप्रतिम झाली आहे. सगळ्यांनी ताव मारला.' मोठ्यांनी हातानं केलेलं दिलं की असंच लिहायचं असतं. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं सोपा उपाय केला होता. डबी जे वाक्य जुळवील त्याचं शेपूट छाटून टाकायचं. अहोजाहो संपलं.

तिच्या दुर्दैवानं त्याच दिवशी थाकसर आले. थाकसर म्हणजे या विभागाचे प्रमुख, पांढऱ्या केसांचे, मोजकं बोलणारे. ते दारात दिसताच आजी खुर्चीतून उठल्या, कमरेत वाकल्या आणि ओठ हलवले. डबी ठणठणीत आवाजात म्हणाली:

"काय रे, ये, बस. जेवलास का?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सोल्मीला झालं. आजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आजोबा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागले.

थाकसरांनी खुर्ची ओढली आणि ते खरंच बसले.

"नाही जेवलो अजून," ते म्हणाले. "आई गेल्यापासून मला असं कुणी विचारलं नव्हतं."

मग ते सोल्मीकडे वळले आणि त्यांचा नेहमीचा स्वर परत आला.

"माझं ठीक आहे. पण उद्या मंत्रालयातला कुणी आला आणि त्याला हे 'काय रे' म्हणालं, तर तो जेवायचा नाही, आपल्यालाच खाईल. ज्याला जे शेपूट हवं ते लागलं पाहिजे. समोर कोण बसलंय हे यंत्राला कसं कळणार?"

"बटण लावू, सर," सोल्मी घाईनं म्हणाली. "आजोबांशी बोलायचं असलं की आजींनी बटण दाबायचं."

पाटीवर खडू खरखरला. 'नवऱ्याशी बोलायला बटण?'

खाली आणखी एक ओळ आली. 'आणखी एकदा येईन. मग बास.'

थाकसर गेले. सोल्मी दोघांना घेऊन कँटीनमध्ये गेली. जेवायला तळलेला बांगडा होता, आणि स्वयंपाकघरात काहीतरी चांगलंच करपलं होतं. लोक नाकाला रुमाल लावून ताटं नेत होते. आजींनी मात्र नाक मुरडलं नाही. त्यांचा श्वास आता मानेतून येतजात होता, नाकाला काही कामच उरलं नव्हतं. त्या निवांत बसल्या. आजोबांनी त्यांच्या बांगड्याचे काटे काढायला घेतले. एक एक काटा काढून, पांढरा पांढरा मासा आजींच्या भातावर ठेवत होते.

"सावकाश हं. घाई करू नकोस. गरम आहे, फुंकून देऊ का?"

"चक्."

आजींनी जीभ टाळूला लावून सोडली होती, बस इतकंच. आजोबांनी हात मागे घेतला.

सोल्मीच्या हातातल्या जेवायच्या काड्या हवेतच राहिल्या. "आजी, हे काय केलंत तुम्ही?"

आजींनी भुवया उंचावल्या. काय केलं?

"ते होय?" आजोबा म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर खोडकर काहीतरी चमकलं. "ते माझं नाव आहे, पोरी. लग्नापासूनचं. आधी चक्, मग म्हाताऱ्या, मग जे काय असेल ते. आईबापानं ठेवलेलं नाव हिनं कधी घेतलंच नाही."

"दुसऱ्या कुणाला करतात असं?"

"कुणाची टाप आहे! मुलीला करते कधीमधी. घरच्यालाच."

सोल्मीनं ताट तसंच सोडलं आणि धावत सुटली.

डबीत एक गाळणी होती. लाळ गिळणं, खोकला, ओठ चाटणं, जिभेचं चक् करणं, असला सगळा कचरा काढून टाकायचा आणि निव्वळ शब्द तेवढे पुढे पाठवायचे, हे तिचं काम. ती सोल्मीनंच विणली होती आणि इतकी बारीक विणली होती की परदेशातल्या परिषदेत तिचं कौतुक झालं होतं. आता सोल्मीनं त्या गाळणीत अडकलेलं सगळं बाहेर काढलं आणि पडद्यावर मांडलं. थाकसरांशी बोलतानाची रेघ सपाट होती. सोल्मीशी बोलतानाचीही. आणि 'आपलं जेवण झालं का' या पहिल्या दिवशीच्या वाक्याच्या अगदी आधी एक बारीकसं टोक उभं होतं. आजींनी नवऱ्याला नाव घेऊन हाक मारली होती आणि सोल्मीनं ती केरात टाकली होती.

ती कपाळावर हात मारून मोठ्यानं हसली. मग डोळे पुसले आणि कामाला बसली. ते टोक दिसलं की अरेतुरे, नाहीतर अहोजाहो.

शेवटच्या खेपेला कडाक्याची थंडी होती. दोघं स्टेशनवरून आले तेव्हा आजोबांचे कान लाल झाले होते. आजी पिशवी पोटाशी धरून बसल्या. चेहऱ्यावर 'उरकून टाका' असा भाव. सोल्मीनं पट्टी चिकटवली. आज जमलं नाही तर आजी पाटी घेऊन घरी जातील आणि ती पाटी गळ्यातून कधी उतरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बटण नाही, आजी. काही नाही. आजोबांशी जसं बोलता तसंच बोला."

आजींनी नवऱ्याकडे पाहिलं.

"चक्," त्या स्वतः म्हणाल्या. मग डबी म्हणाली, "ए म्हाताऱ्या, जेवलास का?"



"जेवलो हं," आजोबा त्याच मऊ आवाजात म्हणाले. "तू काळजी करू नकोस."

"चक्. खोटं बोलतोस. गाडीत तू अंडंसुद्धा सोललं नाहीस, मी काय आंधळी आहे? आणि हे हं-हं काय लावलंयस? दवाखान्यातून आल्यापासून बघतेय. सावकाश हं, जपून हं, तुला हवं तसं हं! मला काय पाहुणी करून ठेवलंयस घरात?"

इतकं सगळं एका दमात बोलायची डबीला सवय नव्हती. मध्ये ती अडखळली, एक शब्द गिळला, पण पुढे गेली. सोल्मी भिंतीला टेकून उभी राहिली.

"तुला उत्तर देता येत नव्हतं ना," आजोबा म्हणाले. ते बोटांनी टोपीची कड चाचपत होते. "मी एक बोललो तर तू चार बोलायचीस. आता मी एक बोललो की तू पाटी शोधणार, खडू शोधणार. हात बांधलेल्या माणसाला मारल्यासारखं वाटायचं. म्हणून गप्प बसायला लागलो."



"चक्. आता मला येतंय बोलता. बोल."

"काय बोलू?"

"जे गिळून बसलायस ते बोल. मला काय कळत नाही? ताटावर बसलास की तुझा चेहरा पडतो. काय आहे? दुसरी कुणी आठवते का?"

आजोबांनी टोपी टेबलावर ठेवली. सोल्मीकडे एक नजर टाकली, आणि सोल्मीला एकदम कळलं की हे काय बोलणार. तिच्या घशाला आत्ताच कोरड पडली.

"किमची खारट होते," आजोबा म्हणाले.

डबीचा हिरवा दिवा नुसता जळत राहिला.

"सूपही खारट होतं. भाजीही. सगळंच. तुला वास येत नाही, म्हणून चव लागत नाही, म्हणून तू ओततच राहतेस. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं असं होईल. मी तुला सांगितलं नाही."

आजींचा चेहरा पांढरा पडला. जिच्या सूपासाठी पलीकडच्या गावाहून लोक पहिल्या बसनं यायचे, तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. सोल्मीला वाटलं, संपलं. आपण आवाज दिला आणि पहिल्याच दिवशी त्यानं असं ऐकवलं.

"चक्," आजी म्हणाल्या. अगदी हळू. मग पुन्हा, जोरात, "चक्! आणि तू ते गिळत बसलास? ब्लडप्रेशरचा माणूस तू! सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेतोस आणि वर मिठाचा डोंगर खातोस? मेला असतास तर?"

"मेलो असतो तर तुझ्या हातचं खाऊन मेलो असतो!" आजोबा एकदम ओरडले. त्यांचा आवाज बसच्या मागच्या सीटपर्यंत पोहोचणारा, जुना, खरखरीत आवाज होता. "टाकून द्यायचं होतं का मग? तू पहाटे उठून, बर्फाच्या पाण्यात हात घालून कोबी धुवायचीस आणि मी थुंकून टाकायचं?"

"थुंकायचं होतंस! मला कळलं तरी असतं!"

"कळलं असतं तर चुलीशी उभी राहिली असतीस पुन्हा?"

"का नाही? जीभ माझी गेलीय, तुझी नाही ना गेली? मी ढवळीन, तू चाखशील. इतकं साधं डोक्यात येत नाही, मोठा आलाय काटे काढणारा! आणि तो बांगडा, सांगून ठेवते, माझे काटे मीच काढणार!"

"काढ की! मला काय हौस आहे?"

"हौस नाही तर बोटं कशाला घालतोस माझ्या ताटात?"

दाराबाहेर पावलं थांबली. काचेपलीकडे थाकसरांचे पांढरे केस दिसले. त्यांनी आत एक नजर टाकली, सोल्मीला हातानंच 'चालू दे' अशी खूण केली आणि पाय न वाजवता निघून गेले. आजोबा उभे राहून हातवारे करत होते. त्यांचे कान अजून लाल होते, पण आता थंडीनं नव्हे. आजींनी बाह्या वर सारल्या होत्या.

मग आजी थांबल्या. काहीतरी आठवल्यासारखं करून त्यांनी मान हळूहळू सोल्मीकडे वळवली. सोल्मी भिंतीला आणखी चिकटली. आजपर्यंत आजी तिला 'संशोधकबाई' म्हणायच्या, पाटीवरसुद्धा 'तुम्ही' लिहायच्या.

"चक्."

सोल्मीनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी खांदे उडवले. मला नाही केलं.

"आणि तू गं?" डबी म्हणाली. "तुला दिलेला डबा कसा होता?"

सोल्मीच्या ओठांवर छान, अप्रतिम, सगळ्यांनी ताव मारला, हे सगळं शेपटासकट तयार होतं. आजींनी बोट उगारलं.

"खारट होता, आजी," सोल्मी म्हणाली. "फार खारट. पाणी पिऊन पिऊन मला रात्री जेवण गेलं नाही."

आजींनी तोंड उघडलं. त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले, मानेवरचा रुमाल फडफडला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी आजोबांच्या पाठीत एक रट्टा घातला, मग सोल्मीच्या दंडावर. दोन तळहातांनी टेबल बडवलं. डबीचा दिवा हिरवाच होता, पण डबीतून काहीच येत नव्हतं.

"बिघडली का काय?" आजोबांनी विचारलं.

"नाही, बिघडली नाही," सोल्मी म्हणाली. "आजी हसतायत. ते पण मी कचऱ्यात टाकलंय."

तिनं खुर्ची ओढली, कॉम्प्युटर पुढे घेतला आणि गाळणी पुन्हा उघडली.

"थांबू नका, आजी. हसत राहा."